बुडाली म्हणून कळवलेली बोट

सकाळी चूल पेटवताना मी अजून ओसरीकडं कान देते. ओली काटकी लागली आणि धूर झाला की तुम्ही अंथरुणातूनच ओरडायचात, "अगं, धूर कमी कर, धूर!" आणि मग स्वतःच्या ओरडण्याला स्वतःच हसायचात, हसता हसता खोकायचात. काल पऱ्हाट्या ओल्या होत्या. घरभर धूर झाला. कुणी ओरडलं नाही. मी धुरातच बसून राहिले, डोळे पुसायला एक निमित्त झालं.

तुमचं तेरावं अजून व्हायचं आहे. किसनभावजी शिधा आणायला बाजाराला गेलेत. घरात मी एकटी. तुमच्याशी तोंडानं बोलणं मला कधी नीट जमलं नाही. चौघांत तर नाहीच, पण दोघं असतानाही तुम्ही बोलायचात आणि मी ऐकायची. म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही हिंगोलीत कापसाच्या जिनात बायलरच्या भट्टीत जाळ घालणारे आगवाले होता. नबीभाई तिथले मिस्त्री, तुम्ही त्यांच्या हाताखाली. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या तेव्हापासून चैत्रापर्यंत तुमचा बायलर तापलेला, आणि मग सहा-सात महिने थंड. त्या थंड महिन्यांत तुम्ही घरात असून नसल्यासारखे असायचात. शेतात काम करायचात, पण मन भट्टीपाशी. मुंबईहून बायलर दुरुस्त करायला आलेल्या एका माणसानं सांगितलं की आगबोटीची भट्टी बारा महिने विझत नाही. झालं. तुम्ही निघालात. आत्याबाईंनी पोटच्या लेकाचे पाय धरले, किसनभावजी रुसले. मी भाकरी बांधून दिल्या. "तू काही म्हणत न्हाईस व्हय?" तुम्ही विचारलंत. मी न्हाई म्हणून मान हलवली. काय म्हणायचं ते तुम्ही वळणावर दिसेनासे झाल्यावर सुचलं.

पहिल्या खेपेहून परत आलात तेव्हा अंगणात कोळशानं रेघा ओढून तुम्ही मला बोट दाखवलीत. मी सारवलेलं अंगण काळं केलंत म्हणून आत्याबाई बोलल्या, तरी ओढत राहिलात. मालाची बोट. आपल्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत लांब. मधोमध बायलर, पुढं-मागं माल भरायची पोटं, आणि तुम्ही आगवाले सगळ्यात खाली, पाण्याच्याही खाली. ती विलायतेत बांधलेली, माझ्या जन्माआधीची. आधीच्या जर्मनच्या लढाईतून जगून आलेली. पाठीवर एका ठिकाणी पत्र्याला ठिगळ होतं, ते त्या लढाईतलं. तिचं इंग्रजी नाव तुम्ही मला दोन-तीनदा म्हणून दाखवलंत. माझी जीभ वळली नाही. मी "तुमची बोट" म्हणू लागले आणि सगळं गाव तेच म्हणू लागलं.

"आन् समुद्र कसा असतो?" मी विचारलं होतं. मी स्वतःहून तुम्हाला विचारलेल्या थोड्या गोष्टींतली ती एक. तुम्ही विचार करून म्हणालात, "पेरणीआधीचं आपलं काळं रान हाय ना, नजर पोचंल तिथवर? तेच. फकस्त ते हालून राहिलंय." त्यानंतर कैक वर्षं वैशाखात नांगरलेल्या रानाकडं बघताना मला गरगरायचं.

ते दिवस बोटीचे चांगले होते. मुंबईहून कापूस न्यायची, येताना सिमेंट, यंत्रं, काचसामान, कधी मीठ आणायची. एकदा तिच्या पोटातल्या कापसाच्या गठाणींवर तुम्हाला आपल्या जिनाचा छाप दिसला. सुटीवर आल्यावर तुम्ही ते नबीभाईंना सांगत होता, मी आतून ऐकत होते. "नबीभाई, आपली गठाण! मी तिच्यावर हात ठिवून बसलो थोडा येळ." नबीभाई म्हणाले, "इथं माझ्या डोळ्यांत सरकीची धूळ, अन् तू तिथं गठाणीचे लाड करून राहिला. तिला विचारलं का, हिंगोलीत सगळे बराबर हायेत म्हणून?" तुम्ही म्हणालात, "विचारलं. म्हणली, नबी मिस्त्री लई बोलतो."

विहिरीवर बायका मला चिडवायच्या. "काय गं, सवतीची खुशाली?" शेजारची यमुना तर म्हणायची, "सवत बरी म्हणावी, पगार तरी धाडती." मी मान खाली घालून घागर भरायची. पण खरं सांगते, मला तिचा राग नव्हता. तुम्ही सुटीवर यायचात तेव्हा हातापायांना नवीन भाजल्याच्या खुणा असायच्या आणि डोळे लखलखीत असायचे. माझ्याकडं तसं लखलखीत करण्यासारखं काही नव्हतं. जिच्याकडं आहे तिचा राग कसा करायचा?

मग दुसरी लढाई लागली. सरकारनं बोट घेतली. काळा रंग जाऊन ती राखेच्या रंगाची झाली, मागच्या अंगाला तोफ बसवली, संध्याकाळ झाली की एक दिवा बाहेर दिसू द्यायचा नाही. कापसाच्या जागी दारूगोळ्याच्या पेट्या, रेल्वेचे रूळ, डब्यातलं अन्न. एकदा तर खेचरं. बसऱ्याला पोचेपर्यंत त्यांतली कितीतरी मेली आणि समुद्रात टाकावी लागली. हे सांगताना तुमचं जेवण तसंच राहिलं होतं. बोटी कळपानं चालायच्या, आणि ज्या बोटीचा धूर वर गेला ती दुश्मनाला लांबून दिसायची. म्हणून आगवाल्यांना हुकूम, धूर होता कामा नये. कोळसा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, पसरून टाकायचा. राखसुद्धा दिवसा पाण्यात फेकायची नाही, तिचा माग लागतो. वरचा साहेब नळीतून ओरडायचा, "धूर! धूर!" ती सवय तुम्ही घरी घेऊन आलात. दुसऱ्यांचे नवरे लढाईतून काय काय घेऊन आले, तुम्ही माझ्या चुलीची धास्ती घेऊन आलात.

त्या सुटीत तुम्हाला जाऊ देऊ नये असं मला फार वाटलं. तुम्ही गेलात. त्यानंतर तार आली.

तार इंग्रजीत होती. किसनभावजी ती घेऊन हिंगोलीला टेसनात गेले, तिथल्या मास्तरांनी वाचली. बोट बुडाली. माणसं मिळाली नाहीत. भावजी परत आले तेव्हा मी जात्यावर होते. त्यांनी जात्याचा खुंटा धरून ठेवला. त्यावरून कळलं.

आता जे लिहायचं त्यासाठीच मी हे लिहायला बसले.

मला तुम्ही गेलात असं वाटलं नाही. देवानं येऊन काही सांगितलं नव्हतं, नुसतं वाटत नव्हतं. असं प्रत्येकच बाईला वाटत असेल. पण आत्याबाईंना तुम्ही दिसू लागलात. रोज. पाण्यात उभे, तोंड उघडं, आणि पाणी पिता येत नाही. "खारं पाणी हाय गं ते," त्या म्हणायच्या. "माझं लेकरू तहानलंय. एवढं पाणी भवताली, अन् त्याला घोट न्हाई." आणि त्यांनी पाणी सोडलं. अगदी सोडलं नाही, पण ओठ ओले करण्यापुरतं. ते उन्हाळ्याचे दिवस. त्यांचे डोळे आत गेले, कातडी कागदासारखी झाली. मी तांब्या तोंडाला लावला की हातानं दूर करायच्या. "त्याला पाजव आधी."

जोशीबुवा म्हणाले, देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग पिंडदान होतं, आणि त्याला पाणी पोचतं. पण बायको सवाष्ण ठेवून नवऱ्याचं क्रियाकर्म होत नाही. हिनं कुंकू पुसायला पाहिजे.

सगळे माझ्याकडं बघू लागले. बरेच दिवस तसेच गेले. मी गप्प, आत्याबाई तहानलेल्या. एका दुपारी त्यांना उठवून बसवलं तर त्यांची मान धरेना. मी भावजींना म्हणाले, "बोलवा बुवांना."

पुतळा आपल्या अंगणात केला. पळसाची पानं देठासकट, दर्भानं बांधलेली, डोक्याच्या जागी नारळ, त्यावर तुमचं धोतर. त्या वेळी काय झालं माहीत आहे? भांडण झालं. सुताराचे तात्या म्हणाले, "लांब करा रे जरा. सोपान असा बुटका न्हवता." भावजी म्हणाले, "दादा एवढेच होते, माझ्या कानाला लागायचे." "आरं, तू वाकून चालतोस, तुझ्या कानाचं काय घिऊन बसलास?" आणि मग सगळे माझ्याकडं वळले, की हिला ठाऊक असंल. मी पदरातून हात काढून माझ्या कपाळाच्या वर इतकं, असं दाखवलं. त्यांनी आणखी पानं जोडली. मग माझ्या बांगड्या उतरवल्या. रखमा कासारीण जपून उतरवत होती, एकही टिचली नाही, म्हणून तुमच्या थोरल्या काकूंनी त्या दगडावर ठेवून मुद्दाम फोडल्या. मी रडले नाही. मी तुमच्याकडं बघत नव्हते, मी पानांकडं बघत होते.

माणसं पुतळ्याला अग्नी देऊन कयाधू नदीवरून परत आली, आणि आत्याबाईंनी तांब्या मागितला. सगळा तांब्या प्यायल्या. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. "प्याला गं," मला म्हणाल्या, "प्याला माझा सोपान." त्या रात्री जेवल्या. पुढचा पावसाळा त्यांनी काढला, आणि थंडीत शांतपणे गेल्या.

तुम्ही होतात तोवर हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही परत आलात ती दुपारची वेळ होती. आधी नबीभाई अंगणाच्या फाटकातून एकटेच आत आले आणि मला म्हणाले, "भाभी, डरू नका. भूत न्हाई, बराबर माणूस हाय. मी टेसनावर त्याला चिमटा काढून पायला. शिवी दिली त्यानं." आणि त्यांच्या मागं तुम्ही. वाळलेले, केस पिकलेले, हातात ट्रंक. बोटीला पाणसुरुंग लागला होता, मागचा पंखा मोडला, कळप पुढं निघून गेला आणि तुम्हाला बुडालेले धरलं. ती बुडाली नाही. एका अंगावर कलून वाहत गेली, आणि दुसऱ्या बोटीनं तिला ओढून आफ्रिकेच्या एका बंदरात नेलं. तिथं तिच्या पोटाला नवा पत्रा मारेपर्यंत वर्ष गेलं. तुम्ही पत्रं टाकलीत. लढाईच्या दिवसांत ती कुठं गेली कुणाला ठाऊक. पण हे सगळं तुम्ही नंतर सांगितलंत. त्या क्षणी तुम्ही नुसते माझ्या कपाळाकडं बघत होता.

"तू बसलीस व्हय?" तुम्ही विचारलंत. "माझ्या मढ्याला?"

मी काय सांगणार होते? आई गेल्याचं तुम्हाला अजून कळायचं होतं. ते कळल्यावर तर माझं तोंड कायमचं बंद झालं. तुमच्या आईसाठी बसले म्हणाले असते तर ते गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं. तुम्ही ओसरीच्या खांबाला डोकं लावून आईसाठी रडत होता, तेव्हा मी मागं उभी होते, हात पुढं करायला धजत नव्हते. कपाळ कोरं असलेल्या बाईनं परक्या पुरुषाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं असतं, असं वाटलं. तुम्ही परके!

जोशीबुवांनी तोडगा सांगितला. ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत आला तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. तूप आणि पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात बसवून बाहेर काढायचं, बारसं करायचं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. सगळं गाव आपल्या अंगणात जमलं होतं. तुम्ही आधी हसलात. मग उभे राहिलात.

"मी मेलोच न्हाई, बुवा. मंग जन्म कशाचा? माझी बोट बी मेली म्हणून कळवलं होतं. तिला पत्रा ठोकला अन् निघाली. तिचं कुणी बारसं केलं न्हाई."

"बोट लोखंडाची असती, सोपान."

"अन् मी पानांचा हाय काय?"

तात्या तेवढे हळूच म्हणाले, "मी म्हणत होतो ना, पुतळा धड करा, त्याला राग येईल."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून कुंकू लाव. मी सांगतो." मी म्हणाले, "गाव पुसून टाकील." तुम्ही म्हणालात, "तुला माझ्यापरीस गाव मोठं." तुम्हाला वाटायचं की ते लग्न पुन्हा केलं तर मेलो होतो हे कबूल केल्यासारखं होईल. मला वाटायचं, कबूल करा की. कागदावर मेलात, गावात मेलात, तर मग माझ्यासाठी एकदा जन्माला या. पण हे असं मी आज लिहू शकते. त्या वेळी मी फक्त ताट वाढून गोठ्याच्या दारात ठेवत होते, कारण तुम्ही गोठ्यात झोपायचात. घरात झोपला असतात तर भावजींना वाळीत टाकलं असतं. थोड्याच दिवसांत तुम्ही परत बोटीवर गेलात. तिला तरी तुम्ही कुठल्या नात्यानं आलात हे सांगावं लागत नव्हतं.

मागं राहिल्यावर माझी काय गत होती हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. सवाष्णींच्या पंगतीत मला बसता येत नव्हतं. विधवांच्या पंगतीत बसले की त्या म्हणायच्या, "तू काहून इकडं? तुझा धनी तर बोटीवर हाय." म्हणून लग्नाकार्यात मी वाढायला उभी राहायची. वाढणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही तू कुठली. पंगती उठल्या की स्वयंपाकघरात एकटीनं जेवायचं.

लढाई संपली. सरकारनं बोट विकली आणि मुंबईच्या एका शेठनं ती घेतली. राखेचा रंग जाऊन पुन्हा काळी झाली, तोफ काढली, आणि शेठनं तिला आपल्या आईचं नाव दिलं, जमनाबाई. नारळ फोडला, पेढे वाटले. सुटीवर आलात तेव्हा हसत सांगितलंत, "आता लई पंचाईत झाली. बायलर धड चालंना तर शिवी द्यायची सोय न्हाई. शेठची आई मधी येती." मी हसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग झालंच की तिचं बारसं." तुमचं हसू थांबलं. मी उठून आत गेले. इतक्या वर्षांत भांडणातलं माझं ते एकच टोचणारं वाक्य. ते लागायला नको होतं आणि लागलं म्हणून बरंही वाटलं.

त्यानंतर बोटीनं धान्य आणलं, बाहेरदेशचा गहू, मका, रेशनवर वाटायचा. तुम्ही म्हणायचात, तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम. आणि मग देशाचे दोन तुकडे झाले आणि कराचीहून माणसं आणायची वेळ आली. गठाणी ठेवायच्या पोटात माणसं. मुंबईहून जातानाही माणसं, तीसुद्धा तशीच, बोचकी घेऊन, कुणाशी न बोलणारी. एका म्हातारीनं वरच्या झाकणातून खाली भट्टीकडं बघून तुम्हाला विचारलं होतं, चपाती शेकू का रे तुझ्या आगीवर? तुम्ही तिला फावडं धुऊन दिलंत, फावड्यावर तिनं चपात्या शेकल्या, आणि पहिली तुम्हाला दिली. हे सांगताना तुमचा आवाज वेगळा झाला. मला त्या म्हातारीचा हेवा वाटला, की तुमच्या आगीपाशी बसून तिनं तुम्हाला जेवायला दिलं.

यंदा बोट मोडीत काढली. म्हातारी झाली होती, बायलर गळत होता. तुम्हीही तसेच आलात. छातीत कोळसा बसला होता, थुंकी काळी. इकडं रझाकारांचे दिवस होते, गावं भेदरलेली, मग पोलीस ॲक्शन झाली आणि भेदरणारी माणसं बदलली. तुम्ही ओसरीवर पडून असायचात. आजारी माणसाला गोठ्यात कसं ठेवायचं, म्हणून गावानंही डोळेझाक केली. ह्या एका हिवाळ्यात आपण जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो, म्हणजे तुम्ही बोललात. एकदा म्हणालात, "तिला मोडताना कुणी बघाया गेलं असंल का?" मी म्हणाले, "तुमी बरे असता तर गेला असता." "न्हाई," तुम्ही म्हणालात, "मी न्हाई गेलो असतो."

आणि मग त्या सकाळी उन्हात बसवलं होतं तेव्हा अचानक म्हणालात, "बोलव त्या बुवाला. बसतो तुपाच्या घागरीत."

मला वाटलं चेष्टा करताय.

"खरंच. पण तूप लई लागंल. मी वाळलोय म्हणून थोडं कमी लागंल."

"ह्या थंडीत? पाण्यात बसवून मारू का तुमाला?" मी म्हणाले. "आधी बरे व्हा."

"बरं," तुम्ही म्हणालात. "मंग उन्हाळ्यात करू लगीन." आणि डोळे मिटून हसलात. तुमचं ते हसणं मी कितीतरी वेळ बघत बसले, कारण तुमचे डोळे मिटलेले होते.

उन्हाळा लांब होता.

तुम्ही गेलात ती सकाळ. मी तुमच्या तोंडात कयाधूचं पाणी घातलं. बायका जमल्या. अंगणात तीन दगडांवर तुमच्या अंघोळीचं पाणी ठेवलं. थोरल्या काकू माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला आणि थांबल्या. हातात काही नव्हतं. कपाळावर काही नव्हतं. त्या इतर बायकांकडं वळून म्हणाल्या, "हिचं काय करायचं?" यमुना म्हणाली, "हिचं तर कवाच झालंय." आणि सगळ्या बाजूला सरल्या. कुणी वाईट मनानं नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून. बाहेर पुरुषांत जोशीबुवा हळू आवाजात भावजींना सांगत होते, एकदा झालेलं पुन्हा कसं करायचं ते बघावं लागेल.

तेव्हा मी बोलले. चौघांत मी कधी बोलले नाही हे तुम्हाला माहीत आहे. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी म्हणाले, "रखमाबाई, घरून हिरव्या बांगड्या आणा. माझ्या मापाच्या."

"वैनी, याड लागलं का?" भावजी म्हणाले.

"उन्हाळ्यात लगीन करू म्हणले होते. ते थांबले न्हाईत. मी थांबू का?"

मग कुंपणाच्या पलीकडून नबीभाईंचा आवाज आला. ॲक्शन झाल्यापासून मुसलमान माणसाला रस्त्यानं यायची धास्ती आहे, म्हणून ते शेतांतून आडवाटेनं आले होते आणि आत न येता बाहेरच उभे होते. "आमच्यात गवाह लागतो," ते म्हणाले. "तुमच्यात लागत असंल तर मी हाय. माझ्यासमोर बी बोलला तो, उन्हाळ्यात लगीन करतो म्हणून. मला जेवाया बोलावलं होतं त्यानं." आणि ते रडू लागले. जोशीबुवांनी पाठ फिरवली. नको म्हणाले नाहीत.

रखमाबाई बांगड्या घेऊन आली. मी तुमच्या उशापाशी बसले, तुमचा हात माझ्या मांडीवर घेतला. माझी हाडं आता मोठी झालीत, बांगड्या चढेनात. "तेल लावू का?" ती म्हणाली. "नको, दाब." काकूंनी देवळीतली कुंकवाची डबी आणली. त्यांनी लावलं नाही, माझ्या हातात दिली. मी लावलं.

अंगणातलं पाणी तापेपर्यंत मी तुमची बायको होते. जाळ नीट धरत नव्हता, पोरांना घालता येत नव्हता, म्हणून पाण्याला वेळ लागला. धूर ओसरीवर आला. मी कुणाला कमी करा म्हणाले नाही. मी तुमच्या कानाशी वाकून आत्याबाईंच्या पाण्याचं सांगितलं, वर लिहिलंय ते सगळं. बायकांना वाटलं मी रडते आहे.

मग काकूंनी माझे दोन्ही हात ओसरीच्या कडेवर ठेवले आणि बांगड्या फोडल्या. तंग बसल्या होत्या, म्हणून डाव्या मनगटात काच शिरली. रखमाबाईनं हळद दाबली. जखम अजून ओली आहे. लिहिताना मनगट टेकलं की ठसठसतं.